सी मधली फंक्शन्स आणि रिकर्शन: एका कॉलपासून स्टॅक भरेपर्यंत

रिकर्शनवर, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्यावर, अडलेल्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहा: फंक्शनला पाठवलेल्या व्हेरिएबलची किंमत आत बदलली, तर बाहेर बदलते का? उत्तर देताना तो चाचपडला, तर त्याचं घोडं रिकर्शनच्या दोन पायऱ्या आधीच अडलेलं असतं. फंक्शनचा एक कॉल म्हणजे मेमरीत नेमकं काय घडतं, हे पक्कं झालं की रिकर्शनसाठी वेगळा नियम शिकावा लागत नाही. म्हणून या लेखाचा बराच भाग साध्या फंक्शन्सवर आहे. तो गाळून थेट फॅक्टोरियलवर (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) उडी मारू नका.

आधी एक सूचना. इथला कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत लिहिला आहे. संगणकावर टाइप करताना इंट, व्हॉइड, रिटर्न, इफ हे कीवर्ड आणि प्रिंटएफसारखी लायब्ररीतली नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. अंकही इंग्रजीच. फंक्शन आणि व्हेरिएबल यांची नावं तुमच्या सोयीची ठेवा. प्रिंटएफ आणि स्कॅनएफ वापरण्यासाठी फाइलच्या सुरुवातीला एसटीडीआयओ हेडरची इन्क्लूड ओळ लागेल.

कंपायलर म्हणून जीसीसी घ्या आणि कंपाइल करताना वॉर्निंगचा पर्याय नेहमी चालू ठेवा: हायफन, कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला जोडून ऑल. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा हा पर्याय आधीच दाखवतो. अजूनही काही कॉलेजांत निळ्या पडद्याचा टर्बो सी चालतो. त्यावर शिकायला हरकत नाही, पण त्याची एक गंमत पुढे येणार आहे.

पायरी १: फंक्शनचे तीन भाग

इंट बेरीज(इंट अ, इंट ब);

इंट मेन(व्हॉइड)
{
    इंट उत्तर = बेरीज(५, ७);
    प्रिंटएफ("%डी\एन", उत्तर);
    रिटर्न ०;
}

इंट बेरीज(इंट अ, इंट ब)
{
    रिटर्न अ + ब;
}

पहिली ओळ म्हणजे प्रोटोटाइप. "या नावाचं फंक्शन पुढे येणार आहे, ते दोन इंट घेईल आणि एक इंट परत देईल" एवढंच ती कंपायलरला सांगते. मेनच्या आतला बेरीज(५, ७) हा कॉल, आणि शेवटी महिरपी कंसांसह आहे ती डेफिनिशन. डेफिनिशनमधल्या अ आणि ब यांना पॅरामीटर म्हणतात, कॉलमधल्या ५ आणि ७ यांना आर्ग्युमेंट. बोलताना दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात, त्याने फार बिघडत नाही. तोंडी परीक्षेत मात्र फरक विचारतात.

प्रोटोटाइपच्या शेवटी अर्धविराम हवा, डेफिनिशनच्या पहिल्या ओळीनंतर नको. नवशिके प्रोटोटाइपची ओळ कॉपी करून खाली आणतात आणि अर्धविराम पुसायला विसरतात. मग कंपायलर पुढच्या ओळीवरच्या महिरपी कंसावर बोट ठेवतो. तो कंस बरोबर असतो, चूक वरच्या ओळीत असते. सी मध्ये एरर आली की दाखवलेली ओळ आणि तिच्या आधीची ओळ, दोन्ही वाचायची सवय लावा.

प्रोटोटाइप लिहिलाच नाही तर? जुन्या सी मध्ये कंपायलर गृहीत धरायचा की असं फंक्शन इंट परत देतं. बेरीजसारख्या फंक्शनला ते चालून जायचं. डबल परत देणारं फंक्शन असलं की उत्तर कचरा यायचं आणि चूक सापडता सापडायची नाही. १९९९ च्या प्रमाणकाने ही सवलत काढून टाकली, पण जीसीसी त्यानंतरही बरीच वर्षं नुसती वॉर्निंग देऊन पुढे जात असे. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती १४ पासून तिथे सरळ एरर येते. म्हणूनच सीनिअरच्या वहीतला, त्याच्याकडे चालणारा प्रोग्राम तुमच्याकडे अडू शकतो.

याउलट "अनडिफाइन्ड रेफरन्स" अशी एरर आली, तर ती कंपायलरची नाही, लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्याची असते. प्रोटोटाइप सापडला, डेफिनिशन कुठेच सापडली नाही, असा तिचा अर्थ. नावाचं स्पेलिंग तपासा. वर्गमूळ काढणारं गणिती फंक्शन वापरलं असेल, तर लिनक्सवर कमांडच्या शेवटी हायफन एलएम जोडायचं राहिलं असेल.

आणखी एक बारकावा. फंक्शन काहीच घेत नसेल तर कंसात व्हॉइड लिहा. नुसता रिकामा कंस म्हणजे सी २३ प्रमाणकाच्या आधी "किती आर्ग्युमेंट येतील ते सांगितलेलं नाही" असा अर्थ होत असे. चुकून तीन आर्ग्युमेंट पाठवली तरी कंपायलर आडवा येत नसे.

पायरी २: फंक्शनला मिळते ती झेरॉक्स

सगळा लेख या पायरीवर उभा आहे. हे फंक्शन पाहा:

व्हॉइड अदलाबदल(इंट अ, इंट ब)
{
    इंट ठेव = अ;
    अ = ब;
    ब = ठेव;
}

मेनमध्ये क्ष = १०, य = २० ठेवून अदलाबदल(क्ष, य) असा कॉल करा आणि नंतर दोन्ही छापा. उत्तर १० आणि २० च येईल. फंक्शनमध्ये अदलाबदल झाली नाही असं नाही, ती झाली. पण अ आणि ब यांची झाली. कॉल होताना क्षची किंमत अ मध्ये आणि यची किंमत ब मध्ये उतरवली गेली, तिथेच संबंध संपला. मूळ कागद मेनकडे, झेरॉक्स फंक्शनकडे. झेरॉक्सवर कितीही खाडाखोड करा, मूळ कागद कोराच राहतो.

मूळ किंमत बदलायचीच असेल, तर किंमत न पाठवता पत्ता पाठवायचा:

व्हॉइड अदलाबदल(इंट *अ, इंट *ब)
{
    इंट ठेव = *अ;
    *अ = *ब;
    *ब = ठेव;
}

कॉल करताना अदलाबदल(&क्ष, &य). इथेही झेरॉक्सच जाते, पण पत्त्याची. पत्ता झेरॉक्सवर वाचला तरी घर तेच सापडतं. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी & का लावायचं, याचं उत्तर हेच. स्कॅनएफ हेही एक फंक्शन आहे आणि तुमच्या व्हेरिएबलमध्ये किंमत भरायची तर त्याला पत्ता हवा.

ॲरे पाठवला की हा नियम मोडल्यासारखा वाटतो, कारण फंक्शनमध्ये ॲरे बदलला की बाहेरही बदललेला दिसतो. प्रत्यक्षात ॲरेचं नाव पाठवलं की पहिल्या घराचा पत्ता जातो, त्यामुळे हाही पत्त्याचाच प्रकार झाला. तपासायचं असेल तर दहा इंटचा ॲरे घ्या आणि त्याचं साइझऑफ मेनमध्ये छापा: ४०. तेच फंक्शनच्या आत पॅरामीटरवर छापा: ६४ बिट यंत्रावर ८, म्हणजे फक्त पत्त्याचा आकार. म्हणून ॲरे घेणाऱ्या फंक्शनला घरांची संख्या वेगळी पाठवावी लागते.

पायरी ३: प्रत्येक कॉलची स्वतःची जागा

फंक्शन कॉल झालं की स्टॅक नावाच्या मेमरीच्या भागात त्या कॉलसाठी एक तुकडा राखला जातो. त्याला स्टॅक फ्रेम म्हणतात. त्या कॉलचे पॅरामीटर, आत जाहीर केलेली व्हेरिएबल्स आणि काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता, हा सगळा संसार त्या कॉलपुरता असतो. रिटर्न झालं की फ्रेम मोडीत निघते आणि जागा पुढच्या कॉलला मिळते.

यातून तीन गोष्टी निघतात. फंक्शनच्या आत नुसतं इंट बेरीज; असं लिहून किंमत न देता वापरलं, तर तिथे आधीच्या कोणत्या तरी कॉलने मागे टाकलेला कचरा असू शकतो. आतल्या व्हेरिएबलचा पत्ता कधीही रिटर्न करू नका, कारण परत येईपर्यंत ते घर पाडलेलं असतं. कधी कधी जुनी किंमत दिसते आणि प्रोग्राम बरोबर आहे असा भास होतो, हे जास्त वाईट. आणि स्टॅटिक असं जाहीर केलेलं व्हेरिएबल फ्रेममध्ये राहत नाही. ते सगळ्या कॉलमध्ये मिळून एकच असतं आणि किंमत टिकवून ठेवतं.

एकाच फंक्शनचे दोन कॉल एकाच वेळी अर्धवट अवस्थेत असतील, तर? दोघांच्या फ्रेम वेगळ्या, त्यामुळे दोघांचे अ आणि ब वेगळे. हे वाक्य पटलं असेल तर रिकर्शन समजलंच म्हणा.

पायरी ४: फॅक्टोरियल

लीलावतीत भास्कराचार्यांनी विचारलं आहे की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म अदलून बदलून दिले, तर किती मूर्ती होतील? उत्तर २४. पहिल्या हातासाठी ४ पर्याय, उरलेल्या तीन हातांचा प्रश्न त्याच जातीचा, फक्त एकाने लहान. शंकराच्या दहा हातांचं उत्तर ३६,२८,८००. "त्याच जातीचा, पण लहान" हे शब्द ज्या प्रश्नाला लागू पडतात, तिथे रिकर्शन बसतं.

इंट फॅक्ट(इंट एन)
{
    इफ (एन <= १)
        रिटर्न १;
    रिटर्न एन * फॅक्ट(एन - १);
}

इफची ओळ म्हणजे थांबण्याची अट, म्हणजे बेस केस. ती लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका. फॅक्ट(४) चा प्रवास असा:

फॅक्ट(४): ४ गुणिले फॅक्ट(३), थांबला
फॅक्ट(३): ३ गुणिले फॅक्ट(२), थांबला
फॅक्ट(२): २ गुणिले फॅक्ट(१), थांबला
फॅक्ट(१): १ परत
फॅक्ट(२): २ × १ = २ परत
फॅक्ट(३): ३ × २ = ६ परत
फॅक्ट(४): ४ × ६ = २४ परत

चौथ्या ओळीवर स्टॅकवर फॅक्टच्या चार फ्रेम एकावर एक असतात आणि त्यांत एन नावाची चार वेगळी घरं: ४, ३, २, १. फॅक्ट(३) ला उत्तर मिळतं तेव्हा त्याचा एन ३ च असतो, कारण त्याच्या घराला कुणी हात लावलेला नसतो. इथे "एन तर १ झाला होता ना?" असा प्रश्न पडला, तर पायरी २ पुन्हा वाचा.

विश्वास ठेवण्यापेक्षा पाहिलेलं बरं. इफच्या आधी एक ओळ घाला, जी एनची किंमत %डी ने आणि एनचा पत्ता %पी ने छापेल (पत्त्याला व्हॉइड पॉइंटरचं कास्ट लावा). ऑप्टिमायझेशनचा कोणताही पर्याय न देता कंपाइल करा. चार वेगळे पत्ते दिसतील आणि लगतच्या दोहोंतलं अंतर सारखं असेल. हे अंतर म्हणजे एका फ्रेमचा आकार. तो लिहून ठेवा, पायरी ७ मध्ये लागेल.

पायरी ५: कॉलच्या आधी की नंतर

व्हॉइड द्विमान(इंट एन)
{
    इफ (एन > १)
        द्विमान(एन / २);
    प्रिंटएफ("%डी", एन % २);
}

द्विमान(६) हे ११० छापतं, म्हणजे सहाचं बायनरी रूप. आता प्रिंटएफची ओळ उचलून इफच्या वर ठेवा: ०११ येईल. रिकर्सिव्ह कॉलच्या आधी लिहिलेलं काम खाली उतरताना होतं, नंतर लिहिलेलं काम वर परतताना होतं. भागाकारात बाकी उजवीकडच्या अंकापासून मिळते आणि छापायचं मात्र डावीकडून असतं. एरवी ॲरेत साठवून उलटं छापावं लागलं असतं, इथे ते स्टॅकनेच केलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत "आउटपुट सांगा" म्हणून याच जातीचे प्रश्न येतात. कागदावर प्रत्येक कॉलसाठी एक चौकोन काढायचा, त्यात त्याचा एन लिहायचा आणि कॉल संपला की चौकोनावर काट मारायची. मनातल्या मनात करायला गेलात की तिसऱ्या कॉलला घोळ होतो.

पायरी ६: नेहमीच्या चुका

फॅक्ट(एन--) असं लिहिणं. वजावजा मागे असेल तर आधी जुनी किंमत पाठवली जाते, मग एन कमी होतो. नव्या कॉलला पुन्हा ४ च मिळतो, त्याच्या पुढच्यालाही ४, आणि हे कधीच थांबत नाही. वजावजा पुढे नेऊन एन * फॅक्ट(--एन) केलं तरी सुटका नाही: गुणाकारातला डावा एन आधी वाचायचा की नंतर, हे सी ठरवून देत नाही. साधं एन - १ लिहा.

बेस केस नेमक्या एका किमतीवर ठेवणं. एन == ० अशी अट असेल आणि कुणी -१ दिला, तर -२, -३ असा प्रवास सुरू होतो आणि शून्य लागत नाही. वरच्या कोडमध्ये <= आहे ते यासाठी. अर्थात ऋण संख्येला १ हे उत्तर गणिताच्या दृष्टीने चूकच, म्हणून तपासणी मेनमध्ये करून फॅक्टला ऋण संख्या जाऊच देऊ नका.

रिटर्न विसरणं. शेवटच्या ओळीत नुसतं एन * फॅक्ट(एन - १); लिहिलं तर गुणाकार होतो आणि हवेत जातो. कंपायलर फक्त वॉर्निंग देतो, प्रोग्राम चालतो, उत्तर काहीही येतं. कधी योगायोगाने बरोबरही येतं, आणि मग दुसऱ्याच्या यंत्रावर बिघडतं.

उत्तर इंटमध्ये न मावणं. ३२ बिटच्या इंटमध्ये १२ चं फॅक्टोरियल, ४७,९०,०१,६००, मावतं. १३ चं मावत नाही. लाँग लाँग घेतलं तर २० पर्यंत मजल जाते. टर्बो सी ची गंमत ती हीच: तिथे इंट १६ बिटचा आहे, कमाल ३२,७६७. सातचं ५,०४० नीट येतं आणि आठला ४०,३२० ऐवजी -२५,२१६ छापलं जातं. ते पाहून मुलं रिकर्शनमध्ये चूक शोधत बसतात. फंक्शन बरोबर असतं, भांडं लहान पडलेलं असतं.

बेस केस पूर्णपणे राहिली असेल तर जीसीसी १२ आणि पुढच्या आवृत्त्या वॉर्निंग ऑल चालू असताना "इन्फिनिट रिकर्शन" अशी सूचना देतात. अट आहे पण ती कधीच लागत नाही, अशा वेळी या सूचनेवर भिस्त ठेवू नका.

पायरी ७: स्टॅक किती पुरतो

लिनक्सवर स्टॅकची मर्यादा बहुधा ८ एमबी असते. टर्मिनलवर यूलिमिट हायफन एस दिलं की ८१९२ हा आकडा केबीमध्ये दिसतो. विंडोजवर साधारण १ एमबी. पायरी ४ मधलं अंतर आता काढा. ते ३२ बाइट आलं असेल तर ८ एमबीत सुमारे २ लाख ६२ हजार फ्रेम बसतील, ४८ आलं असेल तर पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यापलीकडे गेलात की लिनक्सवर "सेगमेंटेशन फॉल्ट" एवढंच छापून प्रोग्राम बंद. फंक्शनच्या आत हजार इंटचा ॲरे जाहीर केलात तर एक फ्रेम चार हजार बाइटच्या वर जाते आणि दोन हजारांच्या आसपास कॉलमध्येच दम निघतो. म्हणून रिकर्सिव्ह फंक्शनमध्ये मोठा ॲरे ठेवू नका. बाहेर बनवून त्याचा पत्ता पाठवा.

ऑप्टिमायझेशन चालू केलं (हायफन, कॅपिटल ओ, २) की जीसीसी बऱ्याचदा फॅक्टसारख्या साध्या रिकर्शनचं आतल्या आत लूप करून टाकतो आणि स्टॅक भरतच नाही. सी चं प्रमाणक याची हमी देत नाही. त्यामुळे "माझ्याकडे दहा लाखांपर्यंत चाललं" हा पुरावा धरू नका.

खोलीपेक्षा कॉलची संख्या कधी कधी जास्त नडते. फिबोनाची हे ठळक उदाहरण: ० आणि १ ला तीच संख्या परत, बाकीच्यांना फिब(एन - १) + फिब(एन - २). दिसायला देखणं. फिब(५) साठी १५ कॉल होतात, त्यांत फिब(२) तीनदा नव्याने काढलं जातं. फिब(३०) साठी २६,९२,५३७ कॉल. फिब(४०) साठी ३३ कोटी ११ लाखांहून जास्त, आणि फिब(५०) ला ४,०७३ कोटी. स्टॅकवर एका वेळी जास्तीत जास्त पन्नासेक फ्रेम असतात, त्यामुळे प्रोग्राम पडत नाही. तो नुसता बसून राहतो. काढलेली उत्तरं ॲरेत ठेवून आधी तिथे बघायचं, किंवा सरळ लूप लिहायचा. दोन्ही उपाय चालतात. फॅक्टोरियललाही खऱ्या कामात लूपच बरा. रिकर्शनची खरी गरज झाडासारख्या रचनेत लागते: फोल्डरमध्ये फोल्डर, ट्री, क्विकसॉर्ट. तिथे लूप लिहायला गेलात तर स्वतःचा स्टॅक सांभाळत बसावं लागतं.

पायरी ८: डीबगरमध्ये फ्रेम पाहणं

हायफन जी देऊन कंपाइल करा, प्रोग्राम जीडीबीमध्ये उघडा, फॅक्टच्या "रिटर्न १" या ओळीवर ब्रेक लावा आणि रन द्या. थांबल्यावर बीटी टाइप करा. सगळ्यात वर फॅक्ट (एन=१), खाली २, ३, ४ आणि तळाला मेन, अशी यादी येईल. कागदावर काढलेले चौकोन ते हेच. फ्रेम २ असं टाइप करून प्रिंट एन दिलंत तर त्या कॉलचा एन, म्हणजे ३, दिसेल. सेगमेंटेशन फॉल्टनंतर बीटी दिलंत तर लाखो ओळींची यादी सुरू होते, म्हणून बीटी ५ द्या. पाचही ओळींत एन सारखाच असेल तर एन-- वाली चूक. ऋण आकडे उतरत जात असतील तर बेस केस चुकली.

आता शाळेतला मसावि घ्या. मसावि(अ, ब) मध्ये ब शून्य असेल तर अ परत, नाहीतर मसावि(ब, अ % ब) परत. मसावि(४८, १८) चे चौकोन कागदावर काढा: (४८, १८), (१८, १२), (१२, ६), (६, ०), उत्तर ६. मग मसावि(१८, ४८) चालवून पाहा. लहान संख्या आधी आली म्हणून वेगळी अट घालावी लागत नाही. एक कॉल वाढतो आणि त्या पहिल्या कॉलमध्येच दोन्ही संख्या आपोआप जागा बदलतात. का, ते १८ % ४८ किती येतं यावरून कळेल.